चादरीखालचा सौदा

माझं पोट माझ्या जबड्यावर चालतं. बाजार समितीच्या आवारात मी लिलाव पुकारतो. मूग, भुईमूग, मिरची, दादर ज्वारी, जे येईल ते. ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात आणि मी एका दमात बोली चढवत नेतो. घरीही माझं तोंड फारसं बंद नसतं. माझी बायको सुमन म्हणते, लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, या घरात रेडिओ आहे. असल्या माणसाचा जबडा बसावा आणि दिवसचे दिवस उघडू नये, यात देवाची काहीतरी गंमत असणार, असं आमच्या आवारातल्या हमालांचं मत पडलं. मला ती गंमत कळायला वेळ लागला.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. लिहायचं कारण असं की सध्या पोलिओच्या थेंबांवरून गावोगाव तेच बोलणं सुरू आहे जे तेव्हा इंजेक्शनच्या सुयांवरून चालायचं. कोणी म्हणतं, थेंबांनी पोरं पुढे वांझ होतील. कोणी म्हणतं, फुकट देतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. पेपरात एक जण बाजूनं लिहितो, दुसरा विरुद्ध. आणि लोक मला विचारतात, "नामदेव, तू तर वरून परत आलास. तुझं काय म्हणणं?" माझं म्हणणं दोन शब्दांत सांगता येत नाही. शिवाय आजही कोणाचं तरी माणूस दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत असेल, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना आत काय चाललंय ते कळत नसेल. ते मला ठाऊक आहे.

रोट

आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्यापासून एसटीनं तासाभरावर. श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते, तेव्हा सुरतेपासून नाशकापर्यंत पांगलेली भावकी गावी येते. घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात, त्याचे रोट होतात, आणि ते घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत खाऊन संपवायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. आमच्या घराची आणखी एक रीत होती. रोट सरेपर्यंत घरातल्या कोणाच्या अंगाला वस्तरा लावायचा नाही की सुई लावायची नाही. हे कोणी ठरवलं ते अक्कालाही ठाऊक नव्हतं. अक्का म्हणजे माझी आई. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो.

त्या वर्षी सोमवारी सकाळी वाजतगाजत, अनवाणी, कानबाईला नदीवर घेऊन गेलो. परतताना काठावर, जिथे लोक बैल धुतात, तिथे माझ्या टाचेत खिळा गेला. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा जुना खिळा असावा. अक्कानं चुलीतली राख शेणात कालवून जखमेत भरली आणि वरून चिंधी बांधली.

उपकेंद्राच्या नर्सबाई कानबाईच्या दर्शनाला आल्या होत्या, त्या अजून आमच्या ओट्यावरच होत्या. त्यांनी चिंधी पाहिली. म्हणाल्या, "धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या नामदेवभाऊ, मी पेटी घेऊन येते. आणि सुमनताईंचंही राहिलंय, तेही देऊन टाकते." सुमनला तेव्हा सहावा महिना सरत होता.

अक्का म्हणाली, "रोट सरू दे. तवलगून आपला घरमा सूई नही."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, मला सुचली ती चेष्टा. लिलावाच्या सुरात मी म्हणालो, "सुई एक वार, सुई दोन वार, गिऱ्हाईक नाही, माल परत." सगळे हसले. नर्सबाई पण हसल्या आणि गेल्या. रोट संपले तोवर जखम वरून सुकली होती, आणि सुईची आठवण कोणालाच राहिली नाही.

भाऊ

पण रोट हे निमित्त. सुमनचं इंजेक्शन त्याआधीही टळत आलं होतं, आणि त्याचं कारण भाऊ होता.

भाऊ म्हणजे पंडित, माझा थोरला भाऊ. आणीबाणीच्या काळात तो मिरची विकायला एसटीनं निघाला होता. रस्त्यात गाडी थांबवली, धडधाकट दिसतील ते पुरुष उतरवले, एका शाळेच्या वर्गात नेलं आणि ऑपरेशन करून सोडून दिलं. कोणाला तरी आकडा भरायचा होता. भाऊ तेव्हा पंचविशीतला, एका मुलाचा बाप. तो मुलगा पुढच्या उन्हाळ्यात तापानं गेला. त्यानंतर भाऊ-वहिनींच्या घरात पाळणा हलला नाही. त्या दिवसाबद्दल भाऊ कधी बोलला नाही. फक्त कोणी सरकारी माणूस पेटी घेऊन गल्लीत शिरला की तो शेतात निघून जायचा. तो गेला की अक्का दार लोटून घ्यायची. आमच्या घरात इंजेक्शनला कोणी नाही म्हणालं नव्हतं. हो म्हणायची कोणाची छाती नव्हती, एवढंच.

पारावर मात्र बोलणं भरपूर व्हायचं. एक आबा होते, ते ठासून सांगायचे, "ती सूई बायासनी कूस बंद करस." दुसरा कोणी शेजारच्या गावच्या मुलीचं उदाहरण द्यायचा. तिला सुईनंतर दंडावर एवढं मोठं गळू झालं की हात वर होईना. ते खोटं नव्हतं, मी ती मुलगी पाहिली होती. शाळेचे मास्तर म्हणायचे, "अहो, सरकार लोकांच्या भल्यासाठीच करतं." तेव्हा कोपऱ्यात गप्प बसलेला भाऊ एकच वाक्य बोलायचा.

"तवय बी भलंच करेल व्हतं, मास्तर."

त्यावर मास्तर चपला शोधायला लागायचे. मग बैठक मोडायची. मी आपला दोन्ही बाजूंनी बोलायचो, धंदाच तो.

चमचा

आवारात नवा मूग आला होता. सकाळपासून माझा जबडा आखडल्यासारखा वाटत होता. मी समजलो, दाढ धरली असेल. पहिला ढीग कसाबसा पुकारला. दुसऱ्या ढिगाला "तीन वार" म्हणायला गेलो तर तोंड उघडेना. व्यापारी हसले. एक जण म्हणाला, "काय रे, आज बोली चावून देतोस का?" मीही नाकानं हसलो. नंतर चहाची बशी ओठांना लावली आणि चहा सगळा सदऱ्यावर सांडला. तेव्हा हसू गेलं.

भाऊ त्या दिवशी मूग घेऊन आवारातच होता. तो मला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी दाढ पाहायला म्हणून जिभेवर चपटा चमचा सरकवला आणि माझ्या दातांनी तो पकडला. मी नाही पकडला, दातांनी पकडला. डॉक्टर ओढताहेत, मी डोळ्यांनी माफी मागतोय, चमचा काही सुटत नाही. डॉक्टरांचा चेहरा पार बदलला. त्यांनी विचारलं, "पायाला, हाताला काही लागलं होतं का, आठ-पंधरा दिवसांत?"

मला आठवेचना. भाऊनं माझ्या टाचेकडे बोट दाखवलं.

"धनुर्वात," डॉक्टर म्हणाले. "धुळ्याला हलवा, आत्ताच. जीप करा, पण सावकाश न्या. आणि हॉर्न वाजवू नका."

हॉर्नचं मला विचित्र वाटलं. पण धुळं जवळ आलं तेव्हा समोरून एक ट्रक हॉर्न देत गेला आणि माझं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं. मान मागे, पाठीची कमान, श्वास आत अडकलेला. आणि शुद्ध पूर्ण जागेवर. आपण मरतोय असं मला त्या क्षणी वाटलं. भाऊनं माझ्या छातीवर हात ठेवला होता, हेही मला कळत होतं.

अंधारी खोली

दवाखान्यात मला वॉर्डाच्या टोकाच्या एका खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळं कापड, कानांत कापूस, नाकातून पोटात गेलेली नळी. उजेड, आवाज, वारा, धक्का, कशानंही झटका यायचा. म्हणून आत येणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, स्टीलचं भांडं आत आणायचं नाही, बोलायचं झालं तर कानाशी. सुया चालूच होत्या. ज्या घरात एक सुई शिरू दिली नव्हती, त्या घरातल्या माणसाला त्यांनी मोजता येणार नाहीत इतक्या टोचल्या. भाऊ ते बघत बसायचा. सुई आली की तो तोंड फिरवायचा, पण उठून जायचा नाही.

तिथल्या एक मावशी अंथरूण बदलायला यायच्या. त्यांच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. माझ्या खोलीत येण्याआधी त्या दोन्ही मनगटांना जखमेची पट्टी गुंडाळून घ्यायच्या, बांगड्या वाजू नयेत म्हणून. असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नाही. अंधारात ते पांढरे पट्टीचे हात दिसले की मला बरं वाटायचं.

बाहेर बसणाऱ्यांना एक सांगतो. आतल्या माणसाला सगळं ऐकू येतं. डोळे मिटलेले असतात, पण शुद्ध असते. माझ्या एका चुलत्यानं दारात उभं राहून हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणे, वाचणार का?" तो प्रश्न मला ट्रकच्या हॉर्नपेक्षा मोठा ऐकू आला. असलं काही विचारायचं असेल तर चार पावलं लांब जाऊन विचारा.

घरी त्या वेळी वेगळंच चाललं होतं. अक्का म्हणायची, रोट चालू असताना नर्सबाईनं सुईचं नाव काढलं म्हणून कानबाई कोपली. वहिनी म्हणायची, सुई नाकारली म्हणून झालं. दोघी एका चुलीवर स्वयंपाक करायच्या, पण बोलणं बंद. सुमनला दवाखान्यात येऊ द्यायचं नाही, यावर मात्र दोघींचं एकमत होतं. पोटुशी बाई, असल्या ठिकाणी नको. सुमन भाऊच्या हाती निरोप पाठवायची की मी बरी आहे, काळजी करू नका. माझा निरोप तिला काय पाठवणार? दात घट्ट.

मग एक दिवस पलीकडच्या खोलीत एक बाळ आणलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातलं, जन्मून आठवडाच झालेलं, अंगावर पिईना. माझ्या दाराशी उभे राहून डॉक्टर सिस्टरला सांगत होते, "हाच आजार. नाळेतून शिरलाय. आईला गरोदरपणी इंजेक्शन मिळालंच नाही." दोन दिवस पलीकडून त्या आईचं हलकं गुणगुणणं यायचं. मग ते थांबलं. मावशी आत आल्या तेव्हा त्या पट्टीच्या हातांनी डोळे पुसत होत्या.

सुमनला सातवा लागला होता. आमच्या गल्लीतली सुईण नाळ विळ्यानं कापायची आणि त्यावर चुलीतली राख लावायची, माझ्या टाचेवर लावली तीच. तोवर मी माझ्या मरणाला भीत होतो. त्या दिवसानंतर ती भीती मागे पडली. मला फक्त एवढंच कोणाला तरी सांगायचं होतं की सुमनला सुई द्या. आणि जन्मभर बडबड करणाऱ्या माणसाला एवढं तीन शब्दांचं बोलता येत नव्हतं.

सात

लिहून दाखवावं तर अंधार, औषधाची गुंगी, बोटात पेन ठरेना. आणि भाऊची शाळा दुसरीतच सुटलेली.

भाऊ माझ्या खाटेशी जमिनीवर बसायचा, चादरीखाली माझा हात धरून. एका दुपारी मला त्या चादरीवरूनच सुचलं. गुरांच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूच्याला पत्ता लागत नाही. भाऊनं आयुष्यभर बैल असेच घेतले आणि विकले. लहानपणी ती बोटं मला त्यानंच शिकवली होती.

मी त्याची बोटं दाबली. सात.

भाऊ दचकला. मग माझ्या कानाशी आला. "सात? बैलजोडीना सात हजार? कोन मांगी राह्यना?"

त्याला वाटलं, मला बैलांची काळजी लागली आहे. मी पुन्हा सात दाबले.

"सात वाजनात का, म्हणस?"

हसता येत असतं तर हसलो असतो. पुन्हा सात. आता तो विचारात पडला. "सातवा... धाकलीनं डोहाळजेवण? ते तुनी वहिनी करी. तू काळजी नको करू."

धाकली म्हणजे सुमन. तो बरोबर जागी आला होता. मी होता नव्हता तेवढा जोर लावून हात वर सरकवला आणि त्याच्या दंडाला चिमटा काढला, जिथे सुई देतात तिथे. मग पुन्हा सात. पुन्हा दंड.

सौदा पटला नाही की गुरांच्या बाजारात माणूस उपरण्याखालून हात काढून घेतो. भाऊनं हात काढून घेतला, उठला आणि बाहेर गेला.

त्या दिवशी तो परत आत आला नाही. ज्या माणसानं इतक्या दिवसांत माझी खाट सोडली नव्हती, त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागी मी चिमटा काढला होता. मला रडू येत होतं, पण रडण्यानंही झटका यायचा, म्हणून तेही गिळून पडून राहिलो.

सक्ती

दुसऱ्या सकाळी डॉक्टर आले तेव्हा भाऊनं त्यांना दारातच अडवलं. तरुण डॉक्टर होते, लांबच्या गावचे. भाऊचं अहिराणी त्यांना निम्मं कळत असावं, पण ते उभे राहिले.

"सायेब, त्या सुईमा काय ऱ्हास?"

"कोणत्या?"

"जी आम्हनी धाकलीले देवानी म्हणतस, ती."

डॉक्टर म्हणाले, "या आजाराचंच विष असतं, पण निकामी केलेलं. अंगाला त्याची ओळख व्हावी म्हणून देतात. आईनं घेतलं की पोटातल्या बाळालाही त्याचा आधार मिळतो."

"अन् कूस बंद व्हस ते?"

"नाही होत."

"गळू व्हस ते?"

डॉक्टर म्हणाले, "होतं. सुई नीट उकळलेली नसेल तर होतं. नीट उकळली तरी एक-दोन दिवस हात दुखतो, कधी ताप येतो. तुम्ही कोणाचं गळू पाहिलं असेल तर ते खरं असणार."

भाऊनं आत माझ्या खाटेकडे पाहिलं. मग विचारलं, "आम्ही नही म्हनं तर?"

"तर नाही. पण तुम्ही नका ठरवू, त्या बाईंना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर कोणी हात धरून टोचणार नाही. मी फक्त पुन्हा एकदा समजावून सांगेन."

"सक्ती नही?"

"सक्ती नाही."

आत पडून मी सगळं ऐकत होतो. मला आजही वाटतं, गळू होतं हे त्या डॉक्टरांनी मान्य केलं, म्हणून कूस बंद होत नाही हे भाऊला पटलं. सगळं छान आहे, काही होत नाही, असं ते म्हणाले असते तर भाऊ तिथूनच परत फिरला असता. भाऊ आत आला, खाली बसला आणि चादरीखाली हात घालून त्यानं माझी बोटं दाबली. सात. मग माझ्या दंडाला अगदी हळू चिमटा काढला.

सुमनला धुळ्याला आणून गुपचूप इंजेक्शन द्यावं, असं वहिनीचं म्हणणं पडलं. भाऊ नको म्हणाला. चोरून केलं तर पारावरचे म्हणणार की बघा, हिचंही ऑपरेशन करून आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, थोडे दिवस चालेल, जास्त लांबवू नका.

माझा जबडा हळूहळू सुटला. आधी एक बोट जाईल एवढा, मग चमच्याएवढा. मावशींनी पहिला चहा चमच्यानं पाजला. पहिला शब्द कोणता बोललास, असं लोक कौतुकानं विचारतात. "साखर." चहात साखर घालायची राहिली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी मलाही धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि पुढची घ्यायला सांगितली. हा आजार होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं, म्हणे. एवढं भोगूनही सुई चुकली नाही.

चूल

मी घरी आलो, आणि त्याच आठवड्यात नर्सबाईंचा गावातला दिवस होता. भाऊनं त्यांना आमच्या ओट्यावर बोलावलं. मला भिंतीला टेकवून बसवलं होतं, गोधडीत गुंडाळून. गल्ली जमली. मी पुकारलेल्या कुठल्याही लिलावाला एवढी गर्दी झाली नसेल.

भाऊची एकच अट होती. सुया आमच्या चुलीवर उकळायच्या आणि अक्कानं उकळायच्या. अक्का तोवर रुसून बसली होती. भाऊ तिला म्हणाला, "तुले भरोसा नही ना? मंग तूच उकळ."

अक्का उठली. तपेलीत पाणी ओतलं, सुया आणि काचेची पिचकारी टाकली आणि चुलीसमोर मांडी घालून बसली. नर्सबाई म्हणाल्या, "अक्का, झालं आता, पुरे." अक्का म्हणाली, "उकळू दे अजून. मन्हा घरनी सून शे." पाणी आटलं, तिनं परत ओतलं. तिचा संशय काही गेला नव्हता, पण आता त्याचा उपयोग होत होता.

नर्सबाईंनी सुई भरली आणि सुमनकडे वळल्या. तेव्हा भाऊ मध्ये येऊन बसला आणि सदऱ्याची बाही वर केली. "आधी माले."

पारावरचे आबा गर्दीतून म्हणाले, "पंडित, इचार कर."

"मन्हं जे बंद व्हवानं व्हतं ते कवयनंच व्हई गयं, आबा. माले काय भ्याव?"

हसावं की नाही, कोणाला कळेना. पहिली हसली ती वहिनी, दाराआडून. मग गल्ली हसली. इतक्या वर्षांत भाऊच्या तोंडून त्या गोष्टीचा उच्चार मी प्रथमच ऐकला.

नर्सबाईंनी विचारलं, "भाऊ, तुम्हाला हे इंजेक्शन घ्यायचं आहे का?"

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "परत इचारा, बाई."

त्यांना वाटलं, याला कमी ऐकू येतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तुम्हाला घ्यायचं आहे का इंजेक्शन?"

"हा," भाऊ म्हणाला. "घेवानं शे."

या वेळी कोणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले, आणि झटका आला नाही. मी बरा झालोय हे मला तेव्हा खरं वाटलं.

मग भाऊ सुमनकडे वळला. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरून बोलत नाही, जेठही तिच्याशी थेट बोलत नाही. निरोप वहिनीमार्फत. भाऊनं खाली बघत पण थेट तिला विचारलं, "पोरी, तुनं काय म्हननं शे?"

सुमननं पदर पुढे ओढला आणि स्पष्ट म्हणाली, "मला घ्यायचं होतं, पहिल्यापासून. कोणी विचारलंच नाही."

त्या दिवशी आमच्या ओट्यावर आणखी काही बायकांनी सुई घेतली. अक्कानं उकळली आहे ना, असं विचारून घेतली. सगळ्यांनी नाही घेतली. आबांच्या सुनेनं घेतली नाही. ती पुढच्या महिन्यात आली, आणि तेव्हाही अक्का चुलीपुढे बसली होती. सुमनची दुसरी सुईही त्याच वेळी झाली.

सुमनचं माहेर नशिराबादचं. पहिलं बाळंतपण म्हणून तिला तिकडे नेलं. दिवाळी होऊन गेल्यावर मुलगी झाली. पुढचा आठवडाभर मी सासऱ्यांच्या ओट्यावर बसून होतो आणि आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला एकच विचारत होतो, बाळ पितंय ना? ते पीतही होतं आणि सगळी गल्ली डोक्यावर घेईल असं ओरडतही होतं. सासूबाई म्हणाल्या, जबडा बापाचाच आणलाय. एवढी चांगली बातमी मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही. तिचं नाव रत्ना. आता पाचवीत आहे, आणि शाळा सुटली की आधी भाऊच्या घरी जाते, मग आमच्या.

तर मला विचारणाऱ्यांना मी हे सगळं सांगतो, आणि मग सांगतो की डॉक्टरांना जे विचारायचं ते विचारा. सुई कुठे उकळली विचारा, ताप येईल का विचारा, भीती वाटते तेही सांगा. पण विचारून झालं की घरी पोटात कोणी वाट पाहतंय हेही आठवा.

गेल्या खेपेला पोलिओचे थेंब होते तेव्हा शाळेत एक नवीन कार्यकर्ती आली होती. भाऊ मदतीला बसतो नेहमी, आता सगळे त्याला नाना म्हणतात. रांग मोठी, ऊन चढलेलं, मीही तिथेच बसलेलो. भाऊ प्रत्येक आईला विचारत होता, "देऊ का?" आणि ती हो म्हणेपर्यंत थांबत होता. कार्यकर्ती वैतागली. म्हणाली, "नाना, विचारत काय बसलात? पोरांची तोंडं उघडा, दोन थेंब टाका, झालं."

भाऊनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तोंड उघडाले कितला येळ लागस, ते याले इचार."

मग तो पुढच्या बाईकडे वळला. "देऊ का, माय?"

तिनं कडेवरच्या पोराकडे पाहिलं, आणि हो म्हणाली.